वाचकांचे प्रश्न : सोरायसिस आणि मोजून दिलेला प्रकाश

प्रश्न : माझे यजमान (वय 46) अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमाग कारखान्यात कामाला आहेत. सहा वर्षांपासून त्यांना सोरायसिस आहे. मलमांनी गुण येईनासा झाला, म्हणून डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा ‘लाइट’ घेण्यास सांगितले आहे. प्रत्येक खेपेला अर्धी पाळी बुडते. सोबतचे कामगार म्हणतात, ‘सोलापुरात उन्हाला काय तोटा? गच्चीवर तासभर बसा.’ ऊन आणि लाइट यांत फरक काय? या किरणांनी कर्करोग होतो का?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : सोबतच्या कामगारांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. सोरायसिसमध्ये शरीराच्या प्रतिकारशक्तीतील काही पेशी चेकाळतात आणि एरवी सुमारे महिनाभरात नवी होणारी त्वचा चार-पाच दिवसांतच वर ढकलली जाऊन तिचे पांढुरके पापुद्रे सुटतात. अतिनील किरण या पेशींना आवर घालतात आणि त्वचेची ही घाई मंदावतात. सूर्यप्रकाशातही हे किरण असतातच, त्यामुळे उन्हाने काहींचे चट्टे कमी होतात, हे खरे आहे.

मात्र उन्हाला माप नाही. 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की फार आखूड लहरींचे किरण त्वचा भाजतात पण चट्टे बरे करत नाहीत, आणि उपयोग होतो तो त्यांहून किंचित लांब लहरींचा. त्यावरूनच पुढे सुमारे 311 नॅनोमीटरभोवतीचा अरुंद पट्टाच देणाऱ्या नळ्या निघाल्या. आपल्या यजमानांना सांगितलेला उपचार बहुधा हाच, म्हणजे ‘नॅरोबँड यूव्हीबी’ असावा. कपाटाएवढ्या उभ्या पेटीत, चारी बाजूंनी लावलेल्या नळ्यांच्या मध्ये, डोळ्यांवर काळा चष्मा लावून आणि जननेंद्रिय झाकून उभे राहायचे असते. पहिल्या खेपेला हे काम बहुतेकदा मिनिटभराच्या आत उरकते. पुढच्या खेपेला आधी विचारणा होते की त्वचा लाल झाली होती का, झोंबली का, आणि त्यावरून मात्रा थोडी वाढवायची, तेवढीच ठेवायची की एक खेप वगळायची, हे ठरते. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, म्हणून रात्री अंगाची आग झाली असेल तर ती न विचारताही सांगावी.

गच्चीवर हा हिशेब कोण ठेवणार? ऊन अंगाला जाणवते ते उष्णतेमुळे, अतिनील किरण जाणवत नाहीत. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतले हवेहवेसे वाटणारे दुपारचे ऊनही त्वचा भाजू शकते, आणि एप्रिल-मे महिन्यांत तर भाजण्याआधी उष्माघातच गाठेल. सोरायसिसच्या रुग्णाला भाजणे दुप्पट महागात पडते, कारण जिथे त्वचेला इजा होते तिथे नवा चट्टा उठू शकतो. मागावर काम करताना कोपरांना आणि नडग्यांना होणारे खरचटणेही याच कारणासाठी टाळावे.

पाळी बुडण्याची अडचण मला क्षुल्लक वाटत नाही, कारण माझ्या अनुभवात हा उपचार अर्धवट सुटतो तो बहुधा मजुरीपायी. फरक साधारण आठ-दहा खेपांनंतर दिसू लागतो आणि एकूण वीस ते तीस किंवा अधिक खेपा लागतात. आठवड्यातून दोनदा घेतले तरी गुण येतो, फक्त दिवस जास्त लागतात. तेव्हा डॉक्टरांशी तसे मोकळेपणी बोलावे. मध्ये दोन-तीन आठवडे खंड पडला तर जुन्याच मात्रेवर पुन्हा सुरू करण्याचा आग्रह धरू नये, मात्रा खाली आणावी लागते. त्या दिवशी जाण्यापूर्वी चट्ट्यांवर सॅलिसिलिक आम्लाचे मलम किंवा व्हॅसलिनचा जाड थर लावू नये, त्याने किरण अडतात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना दाखवाव्यात. काही गोळ्यांनी त्वचा प्रकाशाला हळवी होते, तर काहींनी सोरायसिस बळावतो. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

कर्करोगाविषयी सांगायचे तर नॅरोबँड यूव्हीबीमुळे धोका ठळकपणे वाढल्याचे आजवरच्या पाहण्यांत आढळलेले नाही. तरीही एकूण खेपांची नोंद असलेले कार्ड आयुष्यभर जपून ठेवावे.

प्रश्न : सोरायसिससाठी बावचीचे तेल लावून कोवळ्या उन्हात बसलो. दोन दिवसांनी पोटरीवर पाण्याचे फोड आले. तेल नैसर्गिक असताना असे का व्हावे?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तेल नैसर्गिक आहे आणि जोरकसही आहे. बावचीच्या बियांत सोरॅलेन असते, आणि या द्रव्याने त्वचा प्रकाशाला हळवी होते. कोडावर बावची आणि ऊन हा आपल्याकडचा फार जुना उपाय आहे, आणि 1974 मध्ये अमेरिकेत सोरायसिससाठी पुढे आलेली ‘पुवा’ पद्धत, म्हणजे सोरॅलेन घेऊन मग यूव्हीए (लांब लहरींचे अतिनील) किरण देणे, याच गुणावर उभी आहे. तिथे औषधाची आणि किरणांची मात्रा ठरलेली असते. इतके करूनही गोऱ्या त्वचेच्या रुग्णांत शेकडो खेपांनंतर त्वचेचा कर्करोग वाढल्याचे दिसले. बाटलीतल्या तेलात सोरॅलेन किती, हे मात्र आपल्याला कळत नाही. शिवाय यूव्हीए किरण खिडकीच्या काचेतूनही येतात, त्यामुळे तेल लावून एसटीत खिडकीशी बसलेला माणूसही भाजू शकतो. ही जळजळ त्याच दिवशी न दिसता दोन-तीन दिवसांनी उफाळते, म्हणून कोवळे ऊन आपल्याला निरुपद्रवी वाटले असावे.

फोड फोडू नयेत. गार पाण्यात भिजवलेले स्वच्छ फडके ठेवावे, पोटरी झाकूनच बाहेर पडावे आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. जाताना तेलाची बाटली सोबत न्यावी.