‘ओनरशिप दिसत नाही’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : ताई, नवीन मॅनेजर आल्यापासून दर रिव्ह्यूला एकच टेप, ‘तुझ्यात ओनरशिप (काम आपलं समजून जबाबदारी घेणं) दिसत नाही’. म्हणजे काय करू विचारलं तर म्हणतात, ते तुझं तुला कळायला हवं. मागच्या महिन्यात माझा रिपोर्ट सगळ्या टीमसमोर ‘जमला नाही’ म्हणाले आणि दोन दिवसांनी तोच, एक अक्षर न बदलता, वरच्या साहेबांना पाठवला! रात्र रात्र झोप नाही, माझंच चुकतंय का?

उत्तर : अगं, जो रिपोर्ट जसाच्या तसा वर गेला तो जमलेलाच होता की! तेवढं तरी डोक्यातून काढ. पण मग सर असं का बोलले? कदाचित खटकतंय दुसरंच काहीतरी, उशीर म्हण, मध्ये काही न कळवणं म्हण, आणि राग निघतोय रिपोर्टवर. हे नवीन नाही बरं का, 1920 साली थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की लष्करातले अधिकारी हाताखालच्या माणसाची बुद्धी, नेतृत्व, शरीरयष्टी असं वेगवेगळं जोखायला बसले तरी एकूण मत जसं असेल तसेच सगळे मार्क पडायचे. तुझ्या सरांचंही तेच होत असेल, सांगता येत नाही.

म्हणून ‘ओनरशिप म्हणजे काय’ हे विचारूच नकोस, लेक्चर मिळेल फक्त. पुढच्या रिपोर्टचा कच्चा ड्राफ्ट प्रिंट काढून घेऊन जा, सर एकटे असताना, पेन त्यांच्या हातात दे आणि विचार, ‘सर, यातलं काय तुम्ही वेगळं लिहिलं असतं?’ पान तीनवर एका टेबलाला गोल केला तरी तुला धरायला काहीतरी मिळालं, आणि पेन तसंच टेबलावर राहिलं तर बदलण्यासारखं काही नाही, तेही कळलंच ना. त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाक, ‘आज बोलल्याप्रमाणे अमुक बदल करते’, बस, एचआरला सीसीत घ्यायचं नाही, उगाच तक्रारीचा वास येतो.

टीमसमोर बोलले त्याचं मात्र सोडू नकोस, चुका केबिनमध्ये सांगाल का सर, एवढं शांतपणे म्हण. तीन-चारदा असं करूनही ‘तुला कळायला हवं’ हेच आलं तर ते मेल घेऊन एचआरकडे जा, आणि तोवर बायोडाटाही अपडेट करून ठेव. आणि हो, हे सगळं रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी नको गं काढूस, तेव्हा त्यांच्याच डोक्याला दहा ताप असतात.