पाणलोट समितीला बोअर थांबवता येते का?

प्रश्न : आमच्या गावात पाणलोटाची कामे झाल्यापासून विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकते. आता नळयोजनेच्या विहिरीजवळच एक शेतकरी बागेसाठी बोअर घेणार आहे. मी पाणलोट समितीची सदस्य आहे. समिती त्याला नोटीस किंवा दंड देऊ शकते का?
— एक वाचक, ता. पारनेर

उत्तर : ताई, नाही देऊ शकत. तुमची समिती ग्रामसभेने नेमलेली. आराखडा करायचा, कामे करून घ्यायची, हिशेब ठेवायचा, पाणलोट विकास निधीतून बांधांची डागडुजी करायची, एवढेच तिच्या हातात. अमेरिकेत मिनेसोटातली पाणलोट मंडळे १९५५ च्या कायद्यामुळे परवाने देतात, करही बसवतात. आपल्याकडे ज्यांनी घाम गाळून पाणी अडवले, त्यांना उपशावर मात्र अधिकार नाही. मला हे मनापासून खटकते.

२००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यातली पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समिती वेगळी. ती अधिसूचित क्षेत्रापुरती, म्हणजे शासनाने या कायद्याखाली जाहीर केलेल्या भागापुरती असते. नावे सारखी म्हणून गल्लत होते.

तुमचा खरा आधार म्हणजे ती नळयोजनेची विहीर. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत, पाणलोट एकच असेल तर, परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही. हे बंधन १९९३ च्या कायद्याने आणले. बोअरही कायद्याच्या लेखी विहीरच.

तेव्हा ग्रामसभेचा ठराव करा. त्यात दोन्ही गट क्रमांक, टेपने मोजलेले अंतर आणि विहिरीची आजची पाणीपातळी लिहा. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्या, प्रत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला, आणि दोन्हीकडून पोच घ्या. पाणलोट पथकात असताना मी तोंडी तक्रारी विरून जाताना पाहिल्यात. मोजमापाचा कागद बाजूला सारणे जड जाते. बोअरची गाडी आलीच तर खाली उतरवलेले रॉड मोजा. रॉड वीस फुटी असतील, तर दहा रॉडमध्ये ६० मीटरची खोली ओलांडली जाते, आणि शेतीसाठी एवढ्या खोल उपशाला २००९ चा कायदा आळा घालतो.

पण अर्जाआधी त्या शेतकऱ्याच्या घरी जा. हिवरे बाजारात सिंचनासाठी बोअर नाही, ती गावाने एकत्र बसून स्वतःवर घातलेली बंदी आहे. त्याची बाग वाळत असेल, तर ठिबक आणि शेततळ्यासाठी समितीने त्याचे कागद पुढे न्यावेत.