३०० किलोमीटरच्या सायकल राईडला लाइव्ह ट्रॅकिंगसाठी नुसता मोबाईल पुरेल का?

तुम्ही विचारलंय की पहिल्याच ३०० च्या राईडला घरच्यांना लोकेशन दिसावं म्हणून मोबाईल पुरेल का, बॅटरी टिकेल का आणि ॲप कोणतं घ्यावं. मोबाईल पुरतो. बॅटरीही टिकवता येते. पण नकाशावर ठिपका दिसतोय म्हणून घरचे निर्धास्त राहतील असं वाटत असेल, तर आमच्याकडे काय झालं ते ऐका.

चार वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, मी कोल्हापूरहून एकटी निघाले. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट उतरून कणकवली, सावंतवाडी, मग आंबोली चढून आजऱ्यावरून घरी, अशी तीनशेच्या वरची फेरी. दादाची अट होती, लोकेशन चालू राहिलं पाहिजे. मला ते पटलं नव्हतं. चाळिशीतल्या बाईने सायकल चालवायला भावाची परवानगी कशाला घ्यायची? पण आईकडे बघून हो म्हटलं.

सावंतवाडीपर्यंत सगळं व्यवस्थित चाललं. आंबोलीच्या चढाला पाऊस लागला आणि धुकं असं की समोरच्या गाडीचे दिवे अगदी जवळ आल्यावरच दिसायचे. फोन फ्रेमवरच्या पिशवीत होता, तिच्यात पाणी शिरलं. १४ टक्के बॅटरी राहिली म्हणून पॉवर बँक लावली, तर पोर्टमध्ये ओलावा आहे असा इशारा आणि चार्जिंग बंद. ओल्या काचेवर बोट चालेना. जर्सी, हातमोजे, सगळं भिजलेलं, पुसायला कोरडं काही नाही. शेवटी केळ्याभोवती गुंडाळलेला कागद सापडला, त्याने काच पुसत पुसत टाईप केलं, ‘फोन बंद करतेय, आजऱ्यातून फोन करते.’ रेंज नव्हती. मेसेजपुढचं घड्याळाचं चिन्ह काही जाईना. अडीनडीला निदान एक फोन करता यावा म्हणून मी फोन बंद केला आणि पुढे निघाले.

इकडे आईच्या फोनवर माझा फोटो घाटातल्या एका वळणावर थांबलेला. नकाशा मोठा केला की रस्त्याची रेघ आणि तिला लागून दरी. अर्धा तास झाला, तास झाला, तीन तास झाले. साडेसातला दादाने गाडी काढली.

आठ वाजता आजऱ्यात चहाच्या टपरीवाल्याचा फोन मागितला. मला पाठ होता तो फक्त आईचा नंबर. ती आधी रडली आणि मग म्हणाली, "अगं, दादा निघाला की तुला शोधायला." त्याला फोन लागत नव्हता. तो गारगोटीवरून गेला, मी निपाणी-कागलवरून आले. तो त्या वळणावर तासभर टॉर्च घेऊन कठड्यावरून खाली बघत होता. मी साडेबाराला घरी पोचले, तो अडीचला. चपला चिखलाने भरलेल्या, आणि हातात माझ्यासाठी नेलेला कोरडा टॉवेल, घडी न मोडलेला.

तेव्हापासून दर भाऊबीजेला एकच वाद. तो म्हणतो, मोबाईलवर भरवसा ठेवलास, नीट जीपीएसचं यंत्र घे. मी म्हणते, यंत्राने काही फरक पडला नसता. जीपीएस फक्त उपग्रहाचे सिग्नल घेतं, त्याला नेट लागत नाही. तुमची जागा घरी पोचवायला मात्र रेंज लागते. महागाचा सायकल कॉम्प्युटर घेतला तरी त्याचं लाइव्ह ट्रॅकिंग बहुतेक वेळा खिशातल्या मोबाईलच्या नेटवरूनच जातं. आंबोलीत तोही थांबला असता. थांबलेल्या ठिपक्याचा अर्थ एवढाच की शेवटची रेंज इथे होती. हे आम्ही निघण्याआधी बोललोच नव्हतो. चूक तिथे झाली, आणि ती माझी जितकी तितकीच अट घालणाऱ्याचीही, हे मी आजही म्हणते.

आता मी निघताना फ्रिजवर कागद लावते. कुठल्या गावी साधारण किती वाजता, रेंज कुठे जाते, आणि किती उशीर झाला की काय करायचं. दोन तासांपर्यंत काहीही करायचं नाही. त्यानंतर आधी पुढच्या गावातल्या ओळखीच्या हॉटेलात फोन, मग ११२. गाडी काढायची नाही. ट्रॅकिंग हे या कागदाच्या जोडीला वरची सोय म्हणून असावं.

ॲपचं म्हणाल तर व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त ८ तास चालतं. ३०० च्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईडला, २० तास मिळतात, म्हणजे मध्ये दोनदा पुन्हा चालू करावं लागेल, आणि नेमकं चढावर विसरतं. गूगल मॅप्सवर तुम्ही बंद करेपर्यंत शेअर करता येतं, शिवाय घरच्यांना तुमच्या फोनची बॅटरी किती उरली तेही दिसतं. मी तेच वापरते. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढा, नाहीतर पडदा बंद झाल्यावर फोन त्याला झोपवतो. बॅटरी खातो तो पडदा, म्हणून रस्ता सतत बघत बसू नका. १० हजार एमएएचची पॉवर बँक ५ हजार एमएएच बॅटरीच्या फोनला जेमतेम सव्वा-दीड वेळाच पुरते. पावसाळ्यात फोन झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून जर्सीच्या खिशात, फ्रेमवर नाही.

उपग्रहावरून मेसेज पाठवणारे ट्रॅकर परदेशातले रायडर सुचवतात. आपल्याकडे ते परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत, मागवू नका.

तुमच्या मार्गावर सलग रेंज असेल, हायवेच असेल, तर यातलं निम्मं लागणारही नाही. पण निदान दोन नंबर पाठ करून निघा. मला आता दादाचाही पाठ आहे.