न्यूझीलंडमधील रोटोरुआत एकच दिवस हाताशी असेल, तर गरम पाण्याचे झरे आणि तेथील मूळ रहिवाशांची माओरी संस्कृती दोन्ही कुठे पाहावे?

सरळ व्हाकारेवारेवा गावात जावे. 1886 साली तारावेरा ज्वालामुखीच्या उद्रेकाने बेघर झालेल्या तुहोउरांगी या माओरी जमातीच्या लोकांना येथे आसरा मिळाला आणि त्यांचे वंशज आजही या वाफाळत्या जमिनीवर राहतात, त्यामुळे येथील संस्कृती केवळ रंगमंचापुरती उरत नाही. मक्याची कणसे जाळीत घालून उकळत्या कुंडात सोडतात. मांस आणि भाज्या वाफेच्या पेटीत शिजतात; हेच येथील हांगी जेवण. शाकाहारींनी हांगीच्या जेवणाबद्दल आधीच कळवावे. शेजारच्या ‘ते पुइआ’ या पर्यटनस्थळी पोहुतू हा उष्णोदकाचा फवारा 30 मीटरपर्यंत उसळतो. 1980 च्या दशकात परिसरातील गरम पाणी उपसणाऱ्या विंधन विहिरी बंद केल्यामुळे येथील फवाऱ्यांना पुन्हा जोर आला. चांदीचे दागिने मात्र हॉटेलातच ठेवावेत, कारण गंधकयुक्त वायूने ते काळवंडतात.