पाचशे डॉलरचे घर आणि डोंबिवलीचा लिलाव

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे लिलावातल्या घरांविषयी आहेत. तिन्हींची उत्तरे एकत्र देत आहे, कारण पहिले उत्तर नीट ध्यानात आले की दुसऱ्याचा बराचसा उलगडा त्यातूनच होतो.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत डेट्रॉइटजवळ नोकरी करतो. तिथे कर थकलेल्या घरांचा सरकारी लिलाव होतो आणि बोली पाचशे डॉलरपासून सुरू होते, असे तो सांगतो. एवढ्या पैशांत आमच्याकडे खोलीची अनामतही भागत नाही. निवृत्तीच्या रकमेतून मी आणि माझ्या धाकट्या भावाने असे एखादे घर घ्यावे, असा विचार आहे. एवढ्या मोठ्या शहरात घर इतके स्वस्त कसे, आणि ते घ्यावे का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : आपण लालबागला राहता, म्हणून उत्तराची सुरुवात आपल्याच परिसरापासून करतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि पुढच्या काही वर्षांत गिरणगावातले भोंगे एकामागून एक बंद पडत गेले. कामगारांचे संसार मोडले, परंतु गिरण्या ज्या जमिनीवर उभ्या होत्या तिचा भाव मात्र चढतच गेला आणि आज तिथे मनोरे आहेत. रोजगार गेला तरी जागेची किंमत वाढते, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. त्यामुळे मोठ्या शहरातले घर कधी मातीमोल होईल, ही कल्पनाच मुंबईकराच्या मनाला शिवत नाही. डेट्रॉइटमध्ये नेमके तेच घडले.

१९५० मध्ये त्या शहराची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या आसपास होती. २०२० च्या जनगणनेत ती ६ लाख ३९ हजारांवर आलेली दिसते. मोटारींचे कारखाने शहराबाहेर, दुसऱ्या राज्यांत आणि पुढे दुसऱ्या देशांत गेले. महामार्ग झाल्यावर ज्यांना शक्य होते ती कुटुंबे उपनगरांत राहायला गेली, आणि १९६७ च्या दंगलीनंतर गोऱ्या कुटुंबांचे हे स्थलांतर आणखी वेगाने झाले. मागे राहिलेल्यांत कृष्णवर्णीय कामगार कुटुंबे अधिक होती, ज्यांना बँका त्यांच्या वस्तीकडे पाहून अनेक दशके कर्ज नाकारत आल्या होत्या. मुंबईला तिन्ही बाजूंनी पाणी आहे आणि माणसांचा ओघ थांबत नाही. डेट्रॉइट मात्र सुमारे ३६० चौरस किलोमीटरच्या सपाट जमिनीवर पसरलेले आहे आणि त्याच्या पलीकडेही मोकळी जमीनच आहे. घरे त्या प्रमाणात कमी झाली नाहीत आणि माणसे एक तृतीयांश उरली. घराची किंमत शेवटी त्यात राहू इच्छिणाऱ्या माणसांमुळे असते, विटांमुळे नसते.

त्यात २००८ च्या सुमाराचे गृहकर्ज संकट आले. परतफेडीची ऐपत न पाहता दिलेली, पहिली दोन-तीन वर्षे हलका हप्ता आणि पुढे एकदम चढणारे व्याज अशी कर्जे या वस्त्यांत मोठ्या प्रमाणावर विकली गेली होती. ती बुडू लागली तशी बँकांनी घरे ताब्यात घेतली, एका गल्लीत चार घरे रिकामी पडली की पाचव्याची किंमतही उतरली, आणि पाचव्या मालकाचे कर्ज घराच्या किमतीपेक्षा मोठे झाले. शेजारच्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहराच्या स्लाव्हिक व्हिलेज या वस्तीतही हेच झाले. जुलै २०१३ मध्ये डेट्रॉइट महापालिकेने सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यापोटी दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकेत तोवर एवढ्या मोठ्या महापालिकेने असा अर्ज केला नव्हता.

आता आपल्या भाच्याने सांगितलेल्या लिलावाकडे येतो. हा लिलाव बँकेचा नसून कराचा आहे. डेट्रॉइट ज्या मिशिगन राज्यात आहे त्याच्या १९९९ च्या कायद्यानुसार मालमत्ता कर तीन वर्षे थकला की घर काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाकडे, जाते. डेट्रॉइट ज्या वेन काउंटीत येते तिच्या लिलावात पहिल्या फेरीची बोली थकबाकीच्या रकमेपासून सुरू होई, आणि तिथे न विकलेली घरे दुसऱ्या फेरीत पाचशे डॉलरपासून पुकारली जात. अनेक वर्षे ही पद्धत होती. म्हणजे पाचशे हा आकडा घराच्या किमतीचा नाही. थकबाकीच्या भावातही ज्या घराला कोणी हात लावला नाही, त्याचा तो आकडा आहे.

यातली जी गोष्ट मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते, ती हिशेबाची आहे. घराचे करमूल्य बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक धरू नये, असे मिशिगनच्या राज्यघटनेत आहे. बाजारभाव कोसळल्यावरही महापालिकेने मूल्यांकन त्या प्रमाणात खाली आणले नाही. सगळ्या शहराचे नव्याने मूल्यांकन व्हायला २०१७ उजाडले. २०१० ते २०१६ या काळात डेट्रॉइटच्या घरमालकांवर सुमारे ६० कोटी डॉलरची जादा आकारणी झाली, असे तिथल्या वृत्तपत्राने नंतर हिशेब मांडून दाखवले. २०११ ते २०१५ या पाच वर्षांत शहरातल्या जवळपास चारपैकी एका मालमत्तेवर करापोटी जप्ती आली. गरीब घरमालकांना करमाफीची तरतूद होती, परंतु ती पुष्कळांना कोणी सांगितलीच नाही. लिलावात निघालेल्या अनेक घरांत माणसे राहत होती, आणि त्यांतले काही तर वेळेवर भाडे भरणारे भाडेकरू होते, ज्यांच्या मालकाने कर भरला नव्हता.

मी एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात बरीच वर्षे काम केले आहे. ताबा घ्यायला गेल्यावर दारात उभे राहणाऱ्या बाईच्या हातात बहुधा पावत्यांची पिशवी असते. त्या पावत्या कोणीतरी आधी नीट पाहिल्या असत्या तर ते घर वाचले असते, असे मला एकदा नव्हे, अनेकदा वाटले आहे.

व्यवहाराचे बोलायचे तर माझे उत्तर ‘घेऊ नये’ असे आहे. काउंटी जे खरेदीखत देते त्याला ‘क्विटक्लेम डीड’ म्हणतात. देणाऱ्याचा जो काही हक्क असेल तो सोडला, एवढेच त्यात असते आणि मालकी निर्वेध असल्याची हमी नसते. त्यामुळे पुढे विकताना मालकीहक्काचा विमा मिळवण्यासाठी पुष्कळदा न्यायालयात जावे लागते. बरीच वर्षे रिकाम्या घरातले तांब्याचे नळ आणि तारा चोरीला गेलेल्या असतात, आणि उरलेले नळ तिथल्या हिवाळ्यात पाणी गोठून फुटतात. मालक स्वतः त्या घरात राहत नसेल तर मिशिगनमध्ये शाळांसाठीचा कर दर हजार डॉलर करमूल्यामागे १८ डॉलरपर्यंत जास्त द्यावा लागतो. घर पडीक ठेवले तर महापालिकेचा दंड वेगळा. भारतीय रहिवाशाला रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवून घर घेता येते, हे खरे. पण ती मालमत्ता दर वर्षी प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावी लागते. शिवाय छप्पर गळू लागले तर लालबागहून शिडी लावता येत नाही. भाच्याची प्रत्येक सुट्टी त्या घरापायी जाईल. डेट्रॉइट आता सावरते आहे आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या अंदाजानुसार १९५७ नंतर प्रथमच तिथली लोकसंख्या थोडी वाढली, याचा मला आनंद आहे. परंतु शहर सावरते तेव्हा चांगली घरे सर्वांत आधी तिथल्याच जाणकारांच्या हाती जातात.

प्रश्न : डोंबिवलीतल्या दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या सदनिकेची बँकेची लिलाव नोटीस वर्तमानपत्रात आली आहे. राखीव किंमत त्याच इमारतीतल्या चालू भावापेक्षा बरीच कमी आहे. नोटिशीत ‘सांकेतिक ताबा’ आणि ‘जसे आहे जिथे आहे’ असे शब्द आहेत. बोली लावावी का?
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : भाव कमी असण्याचे कारण डोंबिवलीत तरी शहर ओस पडले हे नाही. ते बहुतेक वेळा आपण अवतरणात दिलेल्या दोन शब्दप्रयोगांतच असते. सांकेतिक ताबा म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली आहे, आत मात्र कर्जदार किंवा त्याचा भाडेकरू राहतो आहे. थकलेल्या कर्जापोटी बँकेला तारण ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या मदतीने प्रत्यक्ष ताबा मिळतो. कायद्यात त्यासाठी ३० दिवस आणि कारण नोंदवून एकूण ६० दिवस सांगितले आहेत, पण महिनोन्‌महिने गेलेली प्रकरणे मी पाहिली आहेत. तोवर आपले पैसे बँकेत आणि आपण भाड्याच्या घरात. म्हणून प्रत्यक्ष ताबा कोण आणि केव्हा देणार, हे बोलीआधी बँकेकडून लेखी घ्यावे.

‘जसे आहे जिथे आहे’ याचा अर्थ सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, वीजबिल हे बहुधा आपल्याच गळ्यात पडणार. सोसायटीच्या सचिवांना स्वतः भेटून थकबाकीचे पत्र मागावे आणि दुय्यम निबंधक कार्यालयात निदान तीस वर्षांच्या नोंदी वकिलाकडून पाहून घ्याव्यात. इमारतीची बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र तर पाहावेच पाहावे. बनावट कागदपत्रांवर रेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या प्राधिकरणाची, नोंदणी मिळवलेल्या कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला होता. तिथे घर घेतलेल्यांनीही कर्जे काढली होती आणि बँकांनी ती दिली होती, तेव्हा ‘बँकेने कर्ज दिले म्हणजे कागद चोख’ हा भरवसा धरू नये.

पैशांची सोय आधी करावी. बोली आपल्या नावावर सुटली की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, अनामत धरून, २५ टक्के रक्कम भरावी लागते आणि उरलेली ७५ टक्के लिलाव कायम झाल्यापासून १५ दिवसांत. ही मुदत लेखी संमतीने वाढते, पण एकूण तीन महिन्यांपलीकडे जात नाही, आणि रक्कम भरता आली नाही तर भरलेली रक्कम जप्त होते. कर्ज मंजूर होईल या आशेवर बोली लावणाऱ्यांची आयुष्यभराची बचत यात गेलेली आहे. प्रत्यक्ष ताबा, चोख परवानगी आणि हाती पैसा या तिन्ही गोष्टी असतील तर बोली अवश्य लावावी. एकही कमी असेल तर थांबावे. अशा सदनिकेला पहिल्या वेळी गिऱ्हाईक न मिळाल्यास राखीव किंमत उतरवून लिलाव पुन्हा निघतो.

प्रश्न : यजमानांचा धंदा बसला आणि आमच्या भांडुपच्या घराचे हप्ते थकले. साठ दिवसांत सर्व रक्कम भरा, अशी बँकेची नोटीस आली आहे. घर गेले की सगळेच गेले, असे शेजारी म्हणतात. आम्ही काय करावे?
— एक वाचक भगिनी, भांडुप

उत्तर : ताई, सगळे गेलेले नाही. ही सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची नोटीस आहे आणि तिच्यानंतर आपल्यापुढे बरेच मार्ग आहेत. रकमेबद्दल किंवा व्याजाबद्दल हरकत असेल तर ती लेखी द्या. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. सोबतच एकरकमी तडजोडीचा किंवा हप्ते नव्याने बांधून देण्याचा अर्ज द्या आणि प्रत्येक कागदावर पोच घ्या. घर विकण्यावाचून गत्यंतर नसेल, तर बँकेच्या संमतीने आपणच गिऱ्हाईक शोधून विका, कारण लिलावापेक्षा त्यात जवळजवळ नेहमीच जास्त पैसे हाती येतात. संपूर्ण देणे भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले आहे. बँकेने ताब्याची कारवाई केली, तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते.

आणि लिलाव झालाच, तर देणे व खर्च वजा जाता उरलेली रक्कम आपली असते. ही तरतूद आपल्याकडे कायद्यातच आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांत कर थकलेल्यांना ती नव्हती : डेट्रॉइटशेजारच्या काउंटीत मूळ ८ डॉलर ४१ सेंट कमी भरलेल्या माणसाचे घर २४,५०० डॉलरला विकून सगळी रक्कम ठेवून घेतली गेली, आणि ते घटनाबाह्य ठरायला २०२० उजाडले. मिनेसोटात एका वृद्धेचे घर १५,००० डॉलरच्या देण्यापोटी ४०,००० ला विकून वरचे २५,००० ठेवून घेतले होते. तिला २०२३ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्याय दिला. आपल्याला त्यासाठी भांडावे लागू नये, पण लिलाव झाल्यावर हिशेबाचे विवरण बँकेकडे लेखी मागा, ते आपोआप घरी येईल असे धरून चालू नका.

नोटीस आणि ती ज्या पाकिटातून आली ते पाकीट जपून ठेवा. साठ दिवस नोटिशीवरच्या तारखेपासून मोजले जातात, तेव्हा ती तारीख आजच पाहा आणि हरकतीचा अर्ज याच आठवड्यात शाखेत जाऊन द्या.