मासे द्या, पण पिल्लू नुसत्या माशांवर वाढवू नका

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. चार महिन्यांचं मांजराचं पिल्लू आहे. भुसावळच्या बाजारातून आणलेला रोहू उकडून दिला की वाटी चाटून साफ करतं, सुकटीची पुडी उघडली की धावत येतं, ट्यूनाच्या डब्यासाठी पायात घोटाळतं. चिकन मात्र हुंगून निघून जातं आणि ड्राय फूडला तोंड लावत नाही. सासूबाई म्हणतात, "मांजरले मासा नही ते काय वरन-बट्टी?" आणि तुम्ही विचारताय की रोज तिन्हीत्रिकाळ मासेच दिले तर चालतील का.

मासा मांजराला वर्ज्य नाही. पण तुम्ही देताय तसा, म्हणजे तोच पूर्ण आहार म्हणून, वाढत्या पिल्लाला तो पुरत नाही. असंच चालू राहिलं तर पहिला फटका हाडांना बसेल.

सासूबाईंचं निम्मं म्हणणं अगदी बरोबर आहे. मांजर पक्कं मांसाहारी आहे, दूध-पोळीवर किंवा वरण-भातावर ते धड जगत नाही. फरक पुढे आहे. आपल्या घरातल्या मांजरांचे पूर्वज पश्चिम आशियातल्या कोरड्या, रेताड मुलखातले रानमांजर. त्यांचं खाणं उंदीर, पाखरं, सरडे. मांजर उंदीर खातं तेव्हा मांसाबरोबर हाडं, काळीज, हृदय, रक्त असं सगळंच पोटात जातं. आपण रोहूचे काटे काढून नुसता गर देतो, तेव्हा त्यातलं बरंच काही वाटीत येतच नाही.

मग मासा एवढा आवडतो का? मांजराला गोड चव कळतच नाही, पण मांसातली ती भरलेली, रश्श्यासारखी चव त्याला फार तीव्र कळते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ट्यूनामधले काही घटक मांजराच्या जिभेवरचे ती चव टिपणारे रिसेप्टर विशेष जोरात चेतवतात. वर माशाचा वास. त्यामुळे पिल्लू मासा मागतं याचा अर्थ त्याच्या शरीराला तो हवाय, असा लावू नका. त्याला तो आवडतो, एवढंच.

आता हाडांचं. माशाच्या किंवा चिकनच्या नुसत्या गरात फॉस्फरस भरपूर असतो आणि कॅल्शियम त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. पिल्लाला दोन्ही जवळपास सारखे, कॅल्शियम थोडं जास्तच, असं लागतं. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढायला लागतं. वरून काही दिसत नाही. पिल्लू पोटभर खातं, अंग धरतं, केसही चांगले दिसतात, आणि आत हाडं कागदासारखी पातळ होत जातात. मग एक दिवस ते खाटेवर उडी मारायचं टाळतं, उचललं की ओरडतं, मागचे पाय ओढत चालतं. कधी साध्या उडीत हाड मोडतं. कमरेचं हाड दबलं तर पुढे शौचाला कायमचा त्रास राहतो. पारोळ्याकडच्या एका घरातलं असं पिल्लू मी जवळून पाहिलं आहे. घरचे जीव लावणारे होते, रोज ताजं चिकन आणि मासे उकडून भरवत होते. खुर्चीवरून उतरताना त्याचा पाय मोडला. एक्स-रेत हाडं आणि आजूबाजूचं मांस यांत फरकच दिसत नव्हता. वेळेत आहार बदलला आणि पिंजऱ्यात विश्रांती दिली म्हणून ते सावरलं. हे दुखणं दुर्मिळ नाही. जिथे मांजरावर माया आहे आणि घरचं ताजं तेच चांगलं असा विश्वास आहे, अशाच घरांत ते जास्त दिसतं.

यावर कोणी सांगेल की अंड्याच्या कवचाची पूड घाला. घालता येते, पण अंदाजपंचे नको. कॅल्शियम जास्त झालं तरी पिल्लाच्या वाढीला बाधा येते. घरचंच खाऊ घालायचं ठरलं तर किती मांसाला किती ग्रॅम पूड, शिवाय टॉरिन आणि जीवनसत्त्वं किती, हे डॉक्टरांकडून वजनावर लिहून घ्या.

टॉरिन म्हणजे काय तेही थोडक्यात सांगते. हा घटक मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसा बनवता येत नाही. तो कमी पडला तर डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय पसरून अशक्त होतं. हृदयाचा हा संबंध 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिला, आणि त्यानंतर कंपन्यांनी कॅट फूडमधलं टॉरिन वाढवलं. माशात टॉरिन असतं, पण प्रमाण सगळ्या माशांत सारखं नसतं आणि उकडताना बरंचसं पाण्यात उतरतं. ते पाणी आपण मोरीत ओततो. तसं करू नका, तेच पाणी वाटीत घाला.

तुमच्याकडचे तीनही प्रकार वेगवेगळे बघायला हवेत.

रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस हे हतनूर किंवा गिरणा धरणाकडून बाजारात येणारे मासे कार्प कुळातले. या कुळातल्या अनेक माशांच्या कच्च्या मांसात आणि आतड्यांत थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, मोडून टाकणारा एक घटक असतो. मांजराला हे जीवनसत्त्व कुत्र्यापेक्षा कितीतरी जास्त लागतं. ते तुटलं की आधी भूक जाते, मग चाल डगमगते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, मान खाली वाकून हनुवटी छातीला टेकते आणि शेवटी झटके येतात. हा घटक शिजवल्यावर नष्ट होतो. म्हणून तुम्ही उकडून देता ते उत्तमच. पण मासे साफ करणाऱ्याकडून डोकी, कल्ले, आतडी पिशवीत भरून मांजरासाठी आणायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ते कच्चं देणं आजच बंद करा, घरात दुसरं कोणी देत असेल तर त्यांनाही सांगा. गोड्या पाण्याच्या कच्च्या माशातून जंतही येतात. आणि रोहूच्या शेपटीकडच्या भागात वाय अक्षरासारखे बारीक दुफाटा काटे असतात, ते नजरेतून सुटतात. गर बोटांनी चुरडून तपासा. पोटाकडचा भाग घेतलात तर काटे मोठे, सापडायला सोपे.

सुकट आणि सुके बोंबील जेवण म्हणून नकोतच. त्यात मीठ असतं, बऱ्याचदा रेतीही, आणि पाणी जवळजवळ नसतं. मांजर मुळातच पाणी कमी पिणारं जनावर. आपला एप्रिल-मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या घरात, त्यात मीठ आणि कोरडं खाणं म्हणजे मूत्रपिंडांवर उगाच ताण. धुऊन, भिजवून, उकडून चिमूटभर वासापुरती वापरा. कशी, ते खाली सांगते.

ट्यूनाचा डबा माणसांसाठी बनवलेला असतो. त्यात मांजराला लागणारं कॅल्शियम, जीवनसत्त्वं, टॉरिन वेगळं घातलेलं नसतं. शिवाय ट्यूना, सुरमई यांसारख्या मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठतो. जपानच्या मिनामाटात 1950 च्या दशकात माणसांबरोबर मांजरंही झटके येऊन मेली, कारण कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा खाडीतल्या माशांत उतरला होता. ते टोकाचं प्रदूषण होतं, तुमच्या डब्याशी त्याची बरोबरी नाही. पण दीड किलोच्या जिवाला रोज तेच खाऊ घालणं शहाणपणाचं नाही. आणखी एक दुखणं तेलकट माशांचं. ट्यूना, तारली, बांगडा सतत दिला आणि ई जीवनसत्त्व कमी पडलं, तर कातडीखालची चरबी सुजून गाठाळते. अशा मांजराला हात लावलेला सहन होत नाही, ताप येतो, खाणं सुटतं. रोज मांडीवर येणारं पिल्लू एकाएकी पाठीवर हात फिरवू देईना, तर हेही मनात ठेवा.

माशातल्या तेलाचा फायदा होतो असं तुम्ही वाचलंय, ते खरं आहे. ओमेगा-3 पैकी डीएचए पिल्लाच्या मेंदूला आणि डोळ्यांना उपयोगी पडतं. पण चांगल्या किटन फूडमध्ये, म्हणजे पिल्लांसाठीच्या तयार खाण्यात, ते आधीच घातलेलं असतं.

आता चोखंदळपणा. आधी खात्री करा की तो चोखंदळपणाच आहे. चार महिन्यांच्या सुमारास दुधाचे दात पडून नवे यायला लागतात, हिरड्या दुखतात, तेव्हा पिल्लं मऊ तेच खातात आणि कडक दाणे टाळतात. नाक चोंदलं असेल तर वासाशिवाय मांजर खातच नाही, आणि माशाचा वास सगळ्यात उग्र म्हणून फक्त तोच त्याला कळतो. जंत असतील तर भूक विचित्र होते. म्हणून हिरड्या बघा, नाक-डोळे बघा, जंताचं औषध कधी दिलं ते आठवा, लसीकरण राहिलं असेल तर करून घ्या. गावात सरकारी गुरांचा दवाखाना असतो, तिथे मांजरंही तपासतात.

हे सगळं ठीक असेल तर सवय मोडता येते, आणि याच वयात ती सगळ्यात सोपी जाते. पहिल्या सहा महिन्यांत मांजर जे वास आणि जे पोत ओळखायला शिकतं, तेच पुढे अन्न म्हणून धरतं. आत्ता नुसता मासा ठेवलात तर मोठेपणी दुखण्यात डॉक्टरांनी खास आहार सांगितला तरी ते खाणार नाही. मला खरी भीती या एककल्लीपणाची वाटते.

माशाचा वास हेच तुमचं साधन. किटनसाठी असलेलं, पाकिटावर 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' (म्हणजे पूर्ण, संतुलित आहार) लिहिलेलं वेट फूडचं, म्हणजे ओल्या खाण्याचं पाऊच आणा. माशाच्या चवीचंच आणा, बिलकूल हरकत नाही. 'ओशन फिश' लिहिलेल्या पाकिटात पुष्कळदा चिकन वगैरेही असतं, आणि वाढीला लागणारं बाकीचं सगळं मोजून घातलेलं असतं. 'सप्लिमेंटल' (पूरक) किंवा 'ट्रीट' (खाऊ) लिहिलेलं मात्र जेवण नव्हे, त्या पिळून चाटवायच्या क्रीमच्या कांड्याही नव्हेत. मोठ्या मांजराचं फूडही नको, पिल्लाला प्रथिनं आणि कॅल्शियम त्याहून जास्त लागतं. दुकानात गोणीतून सुटं वजनावर विकतात ते ड्राय फूड घेऊ नका, आपल्या उन्हाळ्यात त्यातली चरबी खवट होते आणि पिल्लाला ते आपल्या आधी कळतं.

उकडलेल्या रोहूच्या नेहमीच्या वाटीत आधी चमचाभरच पाऊच कालवा, एकजीव होईल असं. खाल्लं की दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवा, मासा तेवढाच कमी करा. साधारण दहा दिवस धरा, हट्टी असेल तर तीन आठवडे. अन्न अंगाइतकं कोमट करा, वास उठतो. फ्रीजमधून काढलेलं थंड अन्न चांगली खाणारी मांजरंही नाकारतात. ड्राय फूड सुरू करायचं तर दाणे माशाच्या कोमट पाण्यात भिजवून मऊ करा, वर ती उकडलेली सुकट चिमूटभर कुस्करा. त्या पाण्यात मीठ, हळद, तिखट काही नको, आणि कांदा-लसूण तर अजिबात नको. त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी लसूण त्यात मुरलेलाच असतो.

दिवसातून चार वेळा द्या, वीस-पंचवीस मिनिटांनी वाटी उचला. उन्हाळ्यात ओलं अन्न त्याहून जास्त वेळ बाहेर ठेवूच नका. मुंग्यांसाठी वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवा. प्यायचं पाणी जेवणापासून लांब, दोन-तीन जागी ठेवा, मातीच्या भांड्यात गार राहतं.

एक गोष्ट कळकळीची. "भूक लागली की खाईल आपोआप" असं तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. मांजराच्या बाबतीत हा सल्ला धोक्याचा आहे. मोठं मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं. पिल्लाची साखर तर त्याहून कितीतरी लवकर उतरते. नव्या वाटीला तोंड लावलं नाही तर त्या वेळी जुनं मिश्रण द्या, पुढच्या वेळी परत प्रयत्न करा. पूर्ण दिवसभर काहीच पोटात गेलं नाही, किंवा उलट्या-जुलाब लागले, तर वाट न बघता डॉक्टर गाठा.

सवय बसल्यावर मासा बंद करायची गरज नाही. आठवड्यातून एक-दोनदा, एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत, शिजवलेला, बिनकाट्याचा द्या. सासूबाईंच्या हातून द्या, त्यांनाही बरं वाटेल.

दर रविवारी किराणा मोजायच्या काट्यावर पिल्लाचं वजन करा, या वयात आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम वाढायला हवं. आजचं वजन, जंताच्या औषधाची तारीख आणि मासे किती दिवसांपासून चालू आहेत ते इथे लिहा, म्हणजे रोज किती पाऊच लागेल ते सांगते. उडी मारताना ते कचरत असेल किंवा उचलल्यावर ओरडत असेल, तर माझ्या उत्तराची वाट न बघता आधी एक्स-रे काढून घ्या.