युरोपात गव्हात अक्रोड, मग आपल्या बांधावर झाड का नको?

प्रश्न : हवामान बदलाला तोंड देण्यासाठी युरोपात शेतात झाडं लावायला अनुदान मिळतं, असं वाचलं. आमच्याकडे तर झाडाखाली पीक येत नाही. तिथं कसं जमतं?

उत्तर : शेतकरी बंधूंनो, तुमचा अनुभव खरा आहे. झाड चुकीचं निवडलं, अंतर कमी ठेवलं की पीक मार खातंच. फ्रान्समध्ये माँपेलिए शहराजवळ रेस्तँक्लिएर इथं 1995 पासून अक्रोडाच्या ओळींमध्ये गहू घेऊन पाहिला जातोय. दोन ओळींत 13 मीटर अंतर, त्यामुळे ट्रॅक्टर सहज फिरतो. गहू पेरतात थंडीच्या तोंडावर आणि अक्रोडाला पालवी फुटते वसंतात, तीही उशिरा. तोवर गव्हाची बरीचशी वाढ उरकलेली असते. शिवाय गहू वरच्या थरातली ओल आधीच ओढून घेतो आणि मशागतीत झाडाच्या वरवरच्या मुळ्या तुटतात, म्हणून अक्रोड मुळं खोल सोडतो. झाडं मोठी झाली की गव्हाचा उतारा घटतो, हेही खरं. पण लाकूड धरून हिशेब केला तर तेवढ्याच जमिनीतून एकूण जास्त हाती लागतं.

अनुदानाचं म्हणाल तर युरोपीय संघाच्या 2023-27 च्या सामायिक कृषी धोरणात थेट मदतीतला साधारण 25 टक्के पैसा पर्यावरणपूरक योजनांसाठी राखलेला आहे. मात्र 4 टक्के शेतजमीन पिकाविना ठेवण्याची सक्ती शेतकऱ्यांच्या आंदोलनांनंतर 2024 मध्ये मागे घ्यावी लागली. माझ्या मते ते बरंच झालं. मोबदला दिला तर शेतकरी स्वतःहून झाड राखतो.

एक धोका मात्र तिथूनच शिका. जर्मनीच्या हार्झ डोंगरात मैलोन् मैल एकट्या स्प्रूसची (देवदारासारख्या सुईच्या पानांच्या झाडाची) लागवड होती. निरोगी स्प्रूस राळ सोडून सालीत शिरणाऱ्या भुंगेऱ्याला रोखतो. 2018 पासूनच्या दुष्काळात झाडांना पाणीच मिळेना, राळ कमी पडली आणि उतारच्या उतार वाळून गेले. आता तिथं मिश्र झाडं वाढवतात. तेव्हा सगळ्या बांधावर एकटी निलगिरी नको.

रब्बीच्या पिकाशेजारी थंडी-उन्हाळ्यात पानं गाळणारा साग चालेल. खालच्या फांद्या छाटत राहा. झाड नि पीक यांच्यामध्ये चर काढून पिकाकडे येणारी मुळं तोडा. साग तोडायला परवानगी लागते, म्हणून ई-पीक पाहणीत बांधावरच्या झाडांची नोंद लागवडीनंतर लगेच करून घ्या.